ओल्या पोत्यातली बीर

नाई नाई, बाटली टोपल्यातच राहू द्या, बाहीर नका काढू. अन् हळू बोला. देवीदासचे बाबा आतमंधी निजले आहेत — दुपारची झोप लई कच्ची त्यायची, उंदीर पळाला तरी उठून बसतात. तुमी बसा इथं वट्ट्यावर, सावलीले. पानी देतो मी. हं, पे बापू, दमानं पे. काय म्हनून राह्यले होते तुमी? नव्या साहेबानं धाडलं. आता बडनेऱ्यापर्यंत रेल आली, बीरच्या, त्या विलायती दारूच्या, पेट्याच्या पेट्या उतरतीन, पन अमरावतीत कोन पेईन कोन नाई ते साहेबाले समजत नाई — तर पयले नत्थुजी कलालाच्या, म्हंजे ह्यायच्याच, जिभेवर ठेवून पाहा, असं कोनीतरी सांगतलं. कोनं सांगतलं? अकोल्याच्या बाजारात? सांगतीनच. पातुराहून लोक येत होते ना ह्यायच्याकडे, आपापल्या भट्टीची पयली धार घेऊन. हे तोंडात घेत, डोळे मिटत, राखीत थुंकत, अन् एकच शब्द बोलत — "चालते", नाईतर "जळली". तेवढंच. त्याच्यावर मंग कोनी बोलत नव्हतं. पन ते आता बंद आहे, भाऊ. दुकान मी बाईमानूस पाह्यतो, भट्टीवर गडी ठेवला. मेळघाटातून मोह येतो तोबी मीच सुंगून घेतो. ह्यायच्या जिभेवर आता भाकर अन् पानी. म्हनून म्हनतो, उठा अन् जा. साहेबाले सांगा, म्हातारा घरी नव्हता.

काहून उठत नाई तुमी? नवीन नोकरी आहे? खाली हातानं गेलं तर साहेब रागावते? रागावू द्या ना, बाप्पा! साहेबाचा राग काय, सांजपर्यंत उतरते. बरं — तुमी असे नाई जायचे. सांगतो मी काहून नाई म्हनतो ते, पन ऐकलं का जायचं. कबूल?

हे बीर काई आमच्या घरी पयल्यांदा नाई आली. तुमच्या साहेबाच्या अगोदर इथं हरमान साहेब होता, जर्मनीचाच, कापसाचा वेपारी. तिकडे अमेरिकेत लढाई चालू होती, तिथला कापूस बंद पडला, अन् इकडे कापसाच्या गाड्या अशा लागत का रस्ता ओलांडाले मानसानं उभंच राहावं. आमचा देवीदास त्याच्या गोदामावर होता. एकुलता एक. ह्यायचं म्हननं, कलालाच्या पोरानं भट्टी सोडून कापूस कायले तोलावं? पन भांडन नव्हतं हं, भांडन म्हनू नका. दोघं एकाच तोंडाचे — हट्टी. जेवाले बसले का बापाले भाजी खारट तर पोराले अळनी. मी मधात बसून दोघायले वाढे अन् मनात हासे. तसे दिवस होते ते.

तर एका चैतात साहेबानं देवीदासले एक बाटली देली. का देली? पोराच्या कामावर खुश होता म्हना. हा ते बगलेत धरून भर उनाचा धावत आला. दुकान भरलेलं. "बाबा, हे पाहा, आमच्या साहेबाच्या गावची!" — अन् बूच काढलं तसं ते फसकन उडालं, अर्धी बीर पोराच्या हातावर, अर्धी अंगरख्यावर. उरली ते ह्यायनं घेतली तोंडात. राखेपर्यंतबी नाई गेले. पायरीवरच थुंकले. "घोड्याचं मूत," म्हने. सगळं दुकान हासलं. देवीदासबी हासला — कान लाल झाले होते त्याचे, पन हासला. म्हनते, "बाबा, तुमी ऊन ऊन पेले ना! साहेब म्हनते, त्याच्या मुलखात हे जमिनीच्या पोटात, बर्फाजवळ महिने महिने निजवून ठेवतात. तवा कुठं तिचा रंग असा निवळते, चव बसते. थंड पेऊन मंग बोला." हे म्हनले, "जे उनात मरते ते दारू नोहे. माही दारू वैशाखातबी दारूच राह्यते." "दाखवतोच तुमाले," म्हने पोरगा. "दाखव," म्हने बाप. झालं. मी दोघायच्या ताटात भाकर टाकली, अन् मी समजली का संपलं.

संपलं कुठं? वैशाखात साहेबाच्या पेट्या भुसावळले उतरल्या. रेल तवा तिथवरच होती, पुढं बैलगाडी. साहेब कोनीबी गडी धाडनार होता, पन देवीदास म्हने, मी जातो. साहेबानं कबूल केलं का त्यातली एक बाटली तुही. मंग काय! पोरगा निघाला. पुंजाराम गाडीवाला संगं. मी दशम्या बांधून देल्या, गूळ देला, कांदा देला उनासाठी, चामड्याची पखाल भरून देली पान्याची. बाप भट्टीपाशी होता, तिथूनच वरडला — "थंडच आनजो बरं!" अन् पोरगा गाडीवरून — "दात वाजतीन तुमचे, बाबा!" हासत होते दोघंबी. खरं सांगतो, कोनाच्याच मनात काई नव्हतं. लोक म्हनतात, बापाच्या बोलन्यानं गेला. नाई गेला. हासत गेला.

पुढचं मी पाह्यलं नाई, पुंजारामनं सांगतलं ते सांगतो. भुसावळले पेट्या उतरवल्या तशा ह्यानं गाडीत काड अंथरलं, पेट्या मांडल्या, वरून पोते झाकले, अन् पोत्यायवर पानी. जिथं विहीर लागे तिथं गाडी थांबे, पोते भिजवे, मंगच पुढं. उनाच्या वेळेले झाडाखाली गाडी लावे, बैलायच्या अगोदर पेट्या सावलीत. पुंजाराम म्हनते, माय, मले वाटलं पोट्ट्याचं डोकं फिरलं, हा बीर आनून राह्यला का बाळंतीन. अकोल्यापर्यंत ठीक होतं. मूर्तिजापूर सोडलं अन् विहिरी आटल्या. त्या साली पानी कमीच होतं. पखालीत राह्यलं ते दोघायपुरतं. पुंजाराम म्हने, "देवीदास, हे पेयाचं आहे, हे पोत्यावर टाकू नको." तर म्हने, "पुढच्या विहिरीवर पेतो मी." अन् टाकलं. पुढच्या विहिरीत चिखल. त्याच्या पुढची तर दोरासगट सुकलेली. तवा ऊन लागलं त्याले. अंग फनफनलं, घाम बंद झाला, बडबड कराले लागला — बैलायले भलत्याच नावानं हाका मारे. एका बाभळीखाली निजवलं. पुंजाराम गावात पानी पाहाले धावला, तांब्या घेऊन आला, पन पोरानं तोंड नाई उघडलं. त्याच्या अगोदर बोलला होता म्हने एकडाव. "पोते वाळले काय, पुंजारामदादा?"

थांबा. जरा पदर… हं. धूळ लई उडून राह्यली आज.

पुंजाराम गरीब मानूस, त्यानं काय करावं? पोराले उचललं अन् गाडीवर ठेवलं. गाडीत जागा कुठं होती? पेट्यायवरच. त्या ओल्या पोत्यायवर. अन् पाहा तुमी — पेढी नदीच्या डोहात पानी दिसलं तर त्यानं गाडी थांबवून ते पोते पुन्हा भिजवले. मी त्याले मंग विचारलं, काहून रे बावा, आता कायले? म्हने, "माय, पोरानं सांगतलं होतं ना." गाडी इथं दाराशी लागली. मले कोनी काई सांगतलं नव्हतं. मी समजली बिमार आहे, निजला आहे. पाठीखाली हात घातला तर गार. इतल्या वैशाखात, भाऊ, गार. मी खुशीनं वरडली ह्यायले — "अहो, ताप उतरला! अंग थंड लागून राह्यलं!" हे धावत आले. त्यायनं तोंड पाह्यलं. मले नाई समजलं, त्यायले समजलं.

साहेब आला होता मंग. टोपी हातात घेऊन उभा राह्यला तिथं, तुमी बसले ना, तिथंच. मोडकंतोडकं बोलला काईतरी. पेट्या नेल्या, पन एक बाटली वट्ट्यावर ठेवून गेला — कबूल केलेली. हे म्हनले, "फेक ते उकिरड्यावर." मी उचलली, मांगच्या दारानं गेली… अन् नाई फेकली. माह्यानं फेकवली नाई. रांजनाखालच्या ओल्या रेतीत गाडून ठेवली. तेरवी झाली, पाव्हने गेले, हे वावराकडे गेले होते एक दिवस. तवा काढली. कलालाच्या घरात जन्म गेला माहा, पन दारू मी तोंडाले लावली नव्हती कधी, वासावरच ओळखतो मी. त्या दिवशी काशाच्या वाटीत ओतली.

तुमाले साहेबानं पुसलं आहे ना, कशी आहे म्हनून? ऐका मंग. पयले तिचा रंग पाहा — नव्या गव्हाच्या काडावर सकाळचं ऊन पडते, तसा. आरपार बोट दिसलं मले वाटीच्या बुडाशी. वर फेस, ताकावरल्या लोन्यासारखा, दमानं बसनारा. वास भाकरीचा — तव्यावरून उतरवली का पापुद्रा उघडते ना, तेव्हाचा. तोंडात घेतली तर पयले गोडसर, पन गूळ नोहे, दुधातल्या हुरड्यासारखं. मंग कडू येते, मेथीच्या भाजीएवढं, अन् ते लगेच निंघून जाते. मांगं काई ठेवत नाई. घसा स्वच्छ. अन् थंड, इतली थंड का दात… माहे दात वाजले हो. मी सगळी पेली. उभ्या उभ्या पेली अन् खाली बसली. चांगली होती. लई चांगली होती. माह्या पोराचं खरं होतं.

अन् हे मी कोनाले सांगतलं नाई आजपर्यंत. तुमाले काहून सांगतलं, देवाले माईत. ह्यायले सांगतलं, फेकली. कारन हे एकाच गोष्टीवर उभे आहेत, भाऊ. दर उन्हाळ्यात, कोनी पोराचं नाव काढलं का हे म्हनतात — "घोड्याच्या मुतासाठी गेला. साहेबानं फसवलं लेकराले." साहेबावर राग धरतात, बीरवर राग धरतात, अन् त्याच रागानं भाकर खातात, उठतात, आंघोळ करतात. तुमी आज ते त्यायच्या जिभेवर ठेवसान. ते जीभ खोटं नाई बोलत. जन्मात नाई बोलली. चांगलीले ते वाईट नाई म्हनू शकत. मंग राग कोनावर धरतीन? कशाच्या आधारानं उठतीन? म्हनून हात जोडतो तुमाले. तुमच्या साहेबाची बीर विकू द्या नाईतर सडू द्या, पन ह्या घरात…

उगे राहा. उगे राहा जरा. घोरनं कवाचं थांबलं? तुमी ऐकलं काय? — अहो? जागे आहा काय? कोनी नाई, वाटसरू आहे, पानी पेऊन राह्यला, जाऊनच राह्यला — काय? काय म्हनता? मोठ्यानं बोला…

विचारून राह्यले, थंड आहे काय म्हनून.

दाखवा ते बाटली. हात लावू द्या… बाप्पा, कढतच आहे हे, उनातून आनली तुमी. — नाई हो! ऊन आहे! लई ऊन आहे! — …

म्हनतात, होऊ दे थंड. मी थांबतो.

द्या. द्या इकडे, हलवू नका तिले. रांजनाखालच्या रेतीत ठेवतो मी. अन् तुमी उठा आता. साहेबाले काय सांगाचं ते तुमचं तुमी पाहा, इथून आज उत्तर नाई भेटत. जा बापू. आमाले आमचं बसू द्या.