कार्डाचं नाव काढू नकोस

मैत्रेयी बनशंकरी भागातल्या एका दवाखान्यात सरकारी विम्याचं कार्ड हातात धरून बसली होती. सहावा महिना, आणि पोटातल्या बाळाच्या हृदयाची शंका. मागच्या बाकावर एक सासू आणि तिची गरोदर सून कुजबुजत होत्या.

“अक्का,” सून सासूला म्हणाली, “गर्भातल्या बाळांचे डॉक्टर आहेत ना नक्की?”

“स्वल्प हळू बोल. सकाळी कार्ड आहे म्हणून फोन केला, तर म्हणाले, महिनाभर सुट्टीवर.”

“मग?”

“मग आपल्या रघुनंदनाच्या फोनवरून केला. कार्डाचं नावच काढलं नाही. लगेच म्हणाले, आजच या.”

“पण कार्ड दाखवायचं कधी?”

“आधी तपासू दे. पोटावर हात ठेवलेला डॉक्टर सुट्टीवर जातो का?”

काउंटरवरून हाक आली, “कार्डवाले कोण कोण?”

मैत्रेयीचं कार्ड ओढणीखाली गेलं. भरल्या हॉलमध्ये एकही हात वर झाला नाही.