ताईच्या किडनीला मरायचा हुकूम कोणी दिला?

मायबहिणींनो, भावांनो, गावकरी मंडळी,

हातातली कामं टाकून तुम्ही आलात. मला बोलायला उभं केलंत. पण खरं सांगतो, मला रडू येत नाही. राग येतो. शोकसभेत असं बोलू नये म्हणतात. आज मला माफ करा.

निर्मलाताई माझी थोरली बहीण. दर्यापूरजवळच्या या आपल्या गावात तिनं झेंडू, शेवंती पिकवली, टोपलीत भरून विकली. मी अमरावतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, ते तिच्या फुलांच्या पैशावर शिकलो म्हणून.

तिचे गुडघे दुखायचे. चौकातल्या मेडिकलवाल्यानं दुखणं दाबायची लाल गोळी दिली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. वर्षानुवर्षं! माझ्यासमोर खायची. मी विचारलं नाही. जीवशास्त्राच्या प्राध्यापकानं विचारलं नाही!

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिचं रक्त तपासलं. किडनी बिघडल्याची खूण सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. लॅबवाल्यानं त्या आकड्याखाली रेघ मारून दिली होती. डॉक्टरांनी डोळा नीट केला आणि फाईल तिच्या हातात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. तिला वाचता येत नव्हतं, त्यांना तर येत होतं ना? दीड वर्षानं तिचे पाय सुजले, तेव्हा ती फाईल मी उघडली.

डायलिसिसच्या खाटेवर ताईनं मला विचारलं, "काहून रे, तू तं पोराईले हेच शिकवतं ना? मंग मले सांग, माह्या किडनीत झालं काय?"

मी सांगितलं. ताई, प्रत्येक पेशीत मरायची एक तयारी आधीच असते. निकामी पेशीनं स्वतःला संपवायचं, शेजारच्या पेशींनी तिचे तुकडे गिळायचे. शरीराची ती साफसफाईच आहे. पण रक्त कमी पोचलं, औषधाचा मारा झाला, की किडनीतल्या चांगल्या पेशींनाही तोच हुकूम सुटतो. थोड्या गेल्या तर किडनी भरून काढते. मारा थांबलाच नाही, तर तिथं नुसता व्रण उरतो.

"मंग दुखलं काहून नाही?"

म्हटलं, या मरणाचा बोभाटा होत नाही, ताई.

ती म्हणाली, "हुकूम कोनं देल्ला?"

मी म्हटलं, गोळीनं. शिवाय तुला बीपी होतं, आपल्या गावचं पाणीही खारं.

"आन् गोळी कोनं देल्ली?"



पुढच्या बाजाराच्या दिवशी ताई गावात आली. मानेत डायलिसिसची नळी, वर पट्टी. मेडिकलसमोर पोतं टाकून बसली. गोळी घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, "आंधी रक्त तपास बाई. मंग खाय." तुमच्यातल्या कितीतरी जणी तिथं होत्या.

दुकानदार बाहेर आला. "बाई, धंदा खराब करून राहिल्या तुमी!"

ताई म्हणाली, "माह्या दोन्ही किडन्या गेल्या. तू धंद्याचं काय सांगून राहिला मले?"

लोक हसले. हो, हसले! मी शेजारी उभा होतो. मी तिला घरी चल म्हणालो. मला लाज वाटत होती. ती उठली नाही. अंगात ताकद होती तोवर दर बाजारी ती तिथं बसली.

त्या बसण्यानं सात बायांनी रक्त तपासून घेतलं. त्यातल्या एकीचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. तिची गोळी वेळेत बंद झाली. ती आज या सभेत बसली आहे. नाव घेत नाही.

आणि ते दुकान अजून उघडं आहे. लाल गोळी अजून मिळते. "देवाची मर्जी" असं कोणी मला सांत्वनाला म्हणू नका. देवानं गोळी विकली नाही. रेघ मारलेला रिपोर्ट देवानं न बोलता हातात ठेवला नाही. आणि डोळ्यांदेखत गप्प बसलो, तो मीच होतो.

येत्या बाजारी मेडिकलसमोर मी बसणार आहे. ज्यांना हसायचं त्यांनी हसा.

आता ताईसाठी दोन मिनिटं उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा. ताईला चालेल.