उद्घाटनाचा कॉम्प्युटर

खोडाळ्यात मी कॉम्प्युटर क्लास काढला ना, त्या सकाळचं सांगतो. नाशिकहून सुटे भाग आणून मशीन मीच जोडलं होतं. आदल्या दिवशी मस्त चाललं, आणि उद्घाटनाला माणसं जमल्यावर चालूच होईना! वीज होती. मी डबा उघडला, रॅम काढून पुसली, वायरी पुन्हा खोचल्या. आतला पंखासुद्धा हलेना. घामाघूम झालो. वहिनी आरतीचं ताट घेऊन शांत उभ्या.

शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, झालं असेल तर पूजा करते, मग डब्याच्या मागचं बटण चालू करा."

"कुठलं बटण?"

"पूजेआधी कोणी चालू करू नये म्हणून मीच बंद केलंय."

"अहो, मग मघाशीच सांगायचं ना!"

"मला वाटलं, पूजेआधी आतून पुसून घेताय."