ओल्या पुठ्ठ्याचा वास

(सागने या उत्तरेकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं एक घर. संध्याकाळपासून बर्फ पडतोय. टेबलावर बिअरनं भरलेला, झाकणाचा जग. नोर्मां आणि त्याची बायको गिलेन.)

गिलेन : छान आहे म्हटलं ना.

नोर्मां : छान काय? छान तर तुझ्या बहिणीचे पडदेही आहेत. नाकाला काय जाणवलं ते सांग.

गिलेन : गोडसर... आणि जरा कडवट.

नोर्मां : ती जीभ झाली, बाई! मी नाकाचं विचारतोय. लवंग? पिकलेलं केळं? बेल्जियमच्या धाटणीची बिअर आहे ही. पेला तोंडाशी नेण्याआधीच वास यायला हवा.

गिलेन : येतोय.

नोर्मां : कशाचा?

गिलेन : लवंगेचा.

नोर्मां : म्हणजे मी म्हणायचं आणि तू तेच परत ऐकवायचं!

गिलेन : मी बालवाडीत शिकवते, नोर्मां. बिअरची भट्टी तुझी आणि बास्तियाँची. एवढ्या वादळात जग घरी आणून मला का छळतोयस? भागीदाराला विचार.

नोर्मां : तो मलाच विचारतो! मी मान डोलावली की उद्या सकाळी अख्खी टाकी बाटल्यांत भरणार.

गिलेन : मग डोलाव.

नोर्मां : कशाच्या जिवावर? नाक मेलंय माझं!

गिलेन : ते परत आलं म्हणून तूच सांगितलंस. नाताळात, सगळ्यांसमोर.

नोर्मां : खोटं सांगितलं.

गिलेन : ठाऊक आहे. परवा वाटाण्याचं सूप करपलं, घरभर वास सुटला. तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस.

नोर्मां : आणि तू गप्प बसलीस?

गिलेन : तू कधी बोलतोस याची वाट बघत होते.

नोर्मां : काय बोलू? छपरावरचा बर्फ काढताना पडलो, डोकं आपटलं. डॉक्टर म्हणतो, वास परत येईल किंवा येणार नाही. हे काय उत्तर झालं? त्यापेक्षा पाय मोडला असता तर बरं. लोकांना प्लास्टर तरी दिसतं.

गिलेन : ओरडू नकोस. दे इकडे पेला.

नोर्मां : डोळे मीट. आणि मला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलू नकोस.

गिलेन : ऐकवेल तुला?

नोर्मां : बोल.

गिलेन : ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा आपली खोकी भिजली होती ना, तसा.

नोर्मां : कधीपासून?

गिलेन : पहिल्या घोटापासून.

नोर्मां : मग छान कशाला म्हणत होतीस?

गिलेन : जग उघडताना तुझा चेहरा कसा झाला होता, ते तू बघितलं नाहीस.

नोर्मां : पुठ्ठा म्हणजे हवा लागली. एका टाकीतून दुसरीत घेताना नळीत हवा शिरली. तेव्हा मी पेल्यात नाक घालून ‘मस्त’ म्हणालो होतो, गिलेन. शहाण्यासारखा! इतक्या दिवसांची मेहनत गटारात.

गिलेन : फोन कर त्याला.

नोर्मां : सांगू काय? की मी नुसतं नाटक करत होतो?

गिलेन : हेच सांग. घे.

नोर्मां : हॅलो, बास्तियाँ? उद्या बाटल्या भरू नकोस... बिघडलीय... गिलेननं ओळखलं... हो, गिलेननं! कारण मला वास येत नाही... नाही, परत आलाच नव्हता... अरे, ऐक तर...

गिलेन : काय म्हणाला?

नोर्मां : आपल्याकडच्या रीतीनं चर्चमधल्या एकेका वस्तूचं नाव घेऊन शिव्या दिल्या, एकही सोडली नाही.

गिलेन : मग?

नोर्मां : मग म्हणाला, रस्ता मोकळा झाला की ये, दोघं मिळून ओतून देऊ. आणि फोन आपटला.

गिलेन : ‘दोघं’ म्हणाला ना?

नोर्मां : हं.

गिलेन : चल, हा जग मी मोरीत रिकामा करते.

नोर्मां : थांब. एक पेला भर मला.

गिलेन : ही? आणि तुला त्यातलं कळणार काय?

नोर्मां : थंड आहे, एवढं कळतं.