डोक्यावरचं बदक

आजी : हा इथला खुबूस भाकरीवानी अन्नच हाय ना? याच्यावर हात ठेवून सांगून राहिली. एक शब्द खोटा निघाला तर जीभ झडून जाईल माझी! कर चालू तुझा फोन.

अबोली : आजी, खुबूस खाली ठेव. आई ड्युटीवरून यायच्या आत रेकॉर्ड करू. आणि प्लीज, ह्या वेळी बदक नको.

आजी : कायले नको?

अबोली : लीनामॅडमनी मागचं रेकॉर्डिंग परत पाठवलंय. एकाहत्तरच्या युद्धात कत्तलीतून वाचून सीमेअलीकडे आलेल्यांच्या साक्षी गोळा करतात त्या, गोष्टी नाही. बदक ऐकलं की लोक बाकीचंही खोटं धरतील, म्हणाल्या.

आजी : तिले विचार, तू होती का आमच्या गावच्या तळ्यात लपून?

अबोली : त्यांचं काय चुकलं? इथं आखातात, मंगफला आल्यापासून तू काय काय सांगत सुटलीयेस! परवा खाली बकाल्यात वाणसामान घेताना फातिमाआंटीला म्हणालीस, आपल्या चंद्रपूरचा वाघ तुझ्या हातची भाकर खाऊन ढेकर देऊन गेला.

आजी : ढेकर मी घातला, कबूल. वाघबी घातला. पण बदक आमच्या घरचं होतं, पोरी. रोज माझ्या हातचा भात खाये. माझ्या मोठ्या बहिणीले, दीदीले, धरून नेल्यावर फौजेतले दोघं परत आले, अजून कोणी हाय का पाहाले. जलपर्णीत माझं नाक तेवढं वर. अन् ते बदक येऊन बसलं डोक्यावर. बदक निवांत बसलं, म्हणजे खाली माणूस नाही. गेले निघून.

अबोली : प्रूफ काय पण?

आजी : प्रूफ? आमच्या पाड्यात माझ्याशिवाय कोणी उरलं असतं तर मागितलं असतंस त्याले. जन्मभर लोकाइले हसवलं मी. आता खरं सांगतो, तर त्याच्यावरबी हसता!

अबोली : मी हसत नाहीये! दीदीचं नाव घेणारी तूच एक उरलीस ना? हेही परत आलं तर?

आजी : बदक काढलं तर मी वाचली कशी? अन् मी नाही वाचली, तर दीदीले पाहिलं कोणी?

(अबोली फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करते.)

अबोली : बरं. राहू दे बदक. मी भांडते मॅडमशी. दीदीचं सांग.

आजी : शेफाली नाव तिचं. चौदा वर्षांची होती, मी नऊची. फौज बंदुकीनं जलपर्णी ढोसत येऊन राहिली होती. माझ्याजवळ पोचली, तशी दीदी दूर पलीकडं उठून उभी राहिली. सारे तिकडं वळले. तिनं माझ्याकडं पाहिलं, अन् हसली.

अबोली : आजी... हे कुणीही मानेल गं.

आजी : मानतीलच.

अबोली : काय झालं? थांबलीस का?

आजी : नाही हसली ती. माझ्याकडं पाहिलंच नाही तिनं. पाहिलं असतं, तर मी सापडली असती. हसणं मी घातलं. इतकी वर्षं हसतच उभी हाय ती माझ्यापुढं.

अबोली : मग... तेवढं काढू?

आजी : काढ. बदक ठेव.