सिंधूची हळद

(नाशिक, १९८३. इंदिरानगरातलं घर. लग्नाला चार दिवस उरलेत. मागच्या खोलीत सिंधू आणि चांदवडहून आलेली तिची आत्या, लंकाबाई.)

लंकाबाई : पुन्यांदा सांग. नाथाला काय सांगितलंस तू?

सिंधू : खरं तेच. माझ्या गळ्यातली गाठ साधी नाही, कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी विजेचा शेक थांबवलाय. घरी न्या म्हणालेत.

लंकाबाई : अगं बया! माझ्या दिराचा पोरगा त्यो. स्थळ मी आणलं. आता सासरी कोणत्या तोंडानं जाऊ?

सिंधू : तू त्यांना टॉन्सिल सांगितलं होतंस.

लंकाबाई : मंग काय सांगू? देवानं मनावर घेतलं, तर बरी व्हशील की.

सिंधू : आत्या, परवा तू दादांशी बोलत होतीस ते ऐकलं मी. ‘पोर बिनहळदीची जाऊ नये,’ म्हणालीस. बरी होईल असं तूसुद्धा नाही म्हणालीस.

लंकाबाई : जीभ झडो माझी!

सिंधू : मी रागावले नाही गं.

लंकाबाई : काय म्हनला नाथा?

सिंधू : आधी नुसता सायकलची किल्ली फिरवत बसला. मग म्हणाला, तरी करतो लग्न. मीच नको म्हटलं.

लंकाबाई : येडी का खुळी तू? तयार व्हता की त्यो!

सिंधू : म्हणूनच नको म्हटलं. मनमाडला रेल्वेत रात्रपाळी करून यायचं, मला चमच्याने पाणी पाजायचं आणि एक दिवस खांदा द्यायचा. त्याचा संसार म्हणजे एवढाच?

लंकाबाई : पुरुषाचं काय गं, दुसरी करतो.

सिंधू : बघ! दुसरीचाही विचार करून झालाय तुमचा.

लंकाबाई : तसं नाय गं माझे बाई...

सिंधू : मंगळसूत्र नेमकं या गाठीवर आलं असतं, आत्या. रोज तेवढंच दिसलं असतं त्याला.

लंकाबाई : भ्या नाय वाटत तुला?

सिंधू : वाटतं की. लय वाटतं, तुझ्या भाषेत. श्वास अडकला की आईला उठवावंसं वाटतं. पण ती जागीच असते, डोळे मिटून. मला भीती वाटते म्हणून नाथाला का विहिरीत ओढू?

लंकाबाई : तुझा बाप मांडववाल्याकडं गेलाय. त्याला कोन सांगल?

सिंधू : दादांना मीच सांगते. तू फक्त शेजारी उभी राहा.

लंकाबाई : अन् ती हळद? सकाळीच बायांनी गाणी म्हनत दळली. ताटात झाकून ठिवलीय.

सिंधू : आण इकडे. वाटीत पाणी पण आण.

लंकाबाई : काय करती तिचं?

सिंधू : तुला माझ्या अंगाला हळद लागलेली बघायची होती ना? मलाही बघायचीय. लाव.

लंकाबाई : म्या? अगं, रांडमुंड बाई मी. माझा हात नाय चालत. थांब, तुझ्या आईला हाक मारते.

सिंधू : तिला नाही सोसणार.

लंकाबाई : मंग शेजारची कुनी सवाशीण बघते. माझ्या हातानं अपशकुन व्हतो, पोरी.

सिंधू : आता काय व्हायचं राहिलंय, आत्या?

लंकाबाई : (हळदीचं ताट पुढ्यात ओढून रडू लागते.)

सिंधू : रडू नकोस. ताटात पडतंय सगळं.

लंकाबाई : मालक गेले तवापासून लग्नाच्या हळदीला बोट नाय लावलं म्या. कुनी लावू दिलं नाय.

सिंधू : मी देते. आधी गालाला. हं. आता हात. कशी दिसतेय?

लंकाबाई : नवरी दिसती गं. माझी नवरी.

सिंधू : गळ्यालाही लावतात ना?

लंकाबाई : लावत्यात.

सिंधू : मग लाव. हळू गं. तिथं दुखतं.