पेन्सिलीनं काढलेल्या शर्यती

(शनिवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर चार वह्या पसरलेल्या.)

वहिनी : भाऊजी, पाचव्यांदा विचारतेय. पेन्सिलीनं ‘धरू नये’ लिहिलेल्या ह्या शर्यती कसल्या?

भाऊजी : त्या सोडा हो. तुम्ही गणिताच्या बाई. माझी पद्धत वर्षानुवर्षं चालेल की नाही, एवढंच सांगा. मागच्या वेळी दुसरा आलेला घोडा, ह्या वेळी पाठीवरचं वजन कमी असलं की त्याच्यावर लावायचे. बस्स.

वहिनी : सोडू कशा? एकशे सदतीस आहेत. ही का धरू नये?

भाऊजी : पाऊस होता.

वहिनी : आणि ही?

भाऊजी : जॉकी ऐन वेळी बदलला.

वहिनी : ही?

भाऊजी : त्या दिवशी माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

वहिनी : ह्यातली एक तरी जिंकला होतात?

भाऊजी : तसं नाही... म्हणजे, नाही.

वहिनी : घोडं तिथेच पेंड खातंय. हरलात की कारण लिहायचं आणि शर्यत हिशेबातून काढून टाकायची. पैसे तर गेलेच ना?

भाऊजी : पण चार वर्षांत शंभरामागे अठरा सुटलेत.

वहिनी : सगळ्या सहाशे बारा धरल्या तर शंभरामागे आठ गेलेत. त्यातही एक घोडा चाळीसपट देऊन गेला. तो नसता तर पंधरा. आता काय फळ्यावर लिहून दाखवू?

भाऊजी : छापखाना सोडला की अभ्यासाला पूर्ण वेळ मिळेल. मग पद्धत बसेल.

वहिनी : बावीस वर्षांची नोकरी ह्या वह्यांच्या भरवशावर सोडणार? ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील.

भाऊजी : दादाला बोलायला काय जातंय? बावीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवतोय, वहिनी. कुणी कुत्रं विचारत नाही. मैदानावर चार माणसं माझं मत विचारतात. तिथं बरं वाटतं मला.

वहिनी : मग मत द्या की फुकट, कोण नको म्हणतंय? राजीनामा तेवढा लिहू नका.

भाऊजी : लिहिला. काल मालकांच्या टेबलावर ठेवून आलो. ते सोमवारी येतील.

वहिनी : कपाळ माझं. मग मला सकाळपासून कशाला बसवलंत? छापखान्याची किल्ली कुणाकडे असते?

भाऊजी : माझ्याकडेच.

वहिनी : मग माझ्याकडे काय बघताय? उठा.

भाऊजी : जातो. तोटा आहे हे मला ठाऊक होतं, वहिनी. वाटलं, तुम्ही केलेल्या हिशेबात तरी नफा निघेल.